नदीकाठचा मुक्काम: बिबट्यापेक्षा शेगडीला घाबरा



मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक निवृत्त गुरुजी नेहमीच्या तपासणीला आले होते. वय ६४, मधुमेह पंधरा वर्षांचा, दोन वेळचं इन्शुलिन, बीपीची एक गोळी. तपासून झालं, कागद लिहून झाला, तरी गुरुजी खुर्चीवरून उठेनात. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं पुण्याहून यायलंय. त्यानं ती झोपायची गाडी भाड्यानं घेतलीय, कॅराव्हॅन का काय म्हणतात ती. सौताड्याच्या बाजूला नदीकाठी झाडीत दोन रात्री मुक्काम करू म्हणायलाय. सून, दोन नातवंडं, आम्ही दोघं. जावं का मी? का घरीच बरा?"

मी म्हणालो, "गुरुजी, जरूर जा."

"आन् बिबट्या?"

"त्याचं नंतर बघू. आधी सांगा, गाडीत शेगडी नेणार आहात का?"

गुरुजींना वाटलं, मी थट्टा करतोय. मी अजिबात थट्टा करत नव्हतो. त्या दिवशी बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे त्यांना पाच मिनिटांत जे सांगता आलं ते सांगितलं. उरलेलं इथे लिहितो. आता असे प्रश्न वरचेवर यायला लागलेत. कॅराव्हॅन म्हणजे आत पलंग, छोटं स्वयंपाकघर आणि बहुतेकदा संडासही असलेली गाडी. आपल्या राज्य सरकारनं २०२१ साली या गाड्यांसाठी आणि त्या उभ्या करायच्या पार्कसाठी खास पर्यटन धोरण आणलं. गाडी नसेल तर लोक तंबू नेतात, तोही नसेल तर बोलेरोच्या मागच्या सीटा पाडून झोपतात. जागेलाही आपल्याकडे तोटा नाही. बीड म्हटलं की बाहेरच्यांना फक्त दुष्काळ आठवतो, पण बालाघाटच्या डोंगरात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते आणि खाली दरीत रामेश्वराचं मंदिर आहे, हे ज्यानं पावसाळ्यानंतर पाहिलंय त्याला विचारा. इकडे कपिलधार आहे. पाटोद्याच्या वाटेवर नायगावचं मयूर अभयारण्य आहे. (अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, रात्रीचा मुक्काम तर दूरच. वनखात्याला विचारल्याशिवाय गाडी आत घालू नका.)

बिबट्याची भीती मी समजू शकतो. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा आपल्याकडे दिवस मावळला की शेताकडे कुणी फिरकत नव्हतं. तरीही एक डॉक्टर म्हणून माझं मत असं आहे की, अशा मुक्कामात माणसाला जी इजा होते ती बहुतेक वेळा आपण सोबत नेलेल्या वस्तूंनी होते, किंवा न्यायला हव्या होत्या त्या न नेल्यानं होते. जंगलाचा त्यात वाटा थोडा असतो. आणि यातलं बरंचसं दोन-तीन साध्या गोष्टींनी टळण्यासारखं असतं.

जायचं कशासाठी

आधी चांगलं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा डॉक्टर प्रत्येक गोष्टीत भीती घालतो.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली एक छोटासा पण सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आठ माणसांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. मोबाईल नाही, टॉर्च नाही, उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. आठवड्यानंतर शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, जवळपास दोन तास लवकर वाढू लागलं होतं. शरीराची रात्र सूर्यास्ताशी जुळली. त्याआधी हीच माणसं शहरात मध्यरात्रीनंतर झोपत होती. आठ म्हणजे माणसं थोडी आहेत हे मला मान्य आहे. पण पुढे त्याच गटानं फक्त शनिवार-रविवारच्या मुक्कामावरही असाच परिणाम दाखवला.

माझ्या ओपीडीत रोज पाच-सहा जण तरी "झोप लागत नाही, गोळी द्या" म्हणून येतात. त्यातल्या निम्म्यांच्या हातात बोलताना मोबाईल असतो. अपुऱ्या झोपेनं साखर वाढते, बीपी वाढतं, चिडचिड वाढते. दोन रात्रींनी मधुमेह बरा होत नाही, पण रात्री नऊला डोळे मिटणं आणि पहाटे पाखरांनी जागं करणं म्हणजे काय, हे शरीराला एकदा आठवलं तरी पुष्कळ आहे. त्यामुळे कुणी विचारलं की माझं उत्तर "जा" हेच असतं. मात्र मोठा स्पीकर घरी ठेवून जा. तो नेणार असाल तर गावातच राहिलेलं बरं, पेट्रोल तरी वाचेल.

बंद गाडी आणि कोळशाची धग

आता शेगडीकडे येतो.

दिवाळीनंतर बालाघाटावर रात्री चांगली थंडी पडते. नदीकाठी तर जास्तच. संध्याकाळी शेगडीवर कणसं भाजली, वांगी भाजली, गप्पा झाल्या. दहा वाजता पोरं कुडकुडायला लागतात. शेगडीतले निखारे विझत आलेले असतात, धूर अजिबात नसतो. कुणीतरी म्हणतं, "आता धूर नाहीये, आत घ्या, जरा ऊब येईल." शेगडी आत येते, दार लागतं, काचा वर होतात.

हे वाक्य, "आता धूर नाहीये", फार घातक आहे. धूर म्हणजे न जळलेले कण. ते दिसतात, डोळ्यांत जातात, खोकला आणतात, म्हणून आपण सावध होतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. हवा कमी पडत असताना जे काही जळतं त्यातून तो निघतो आणि मंद धुमसणारे लाल निखारे तो भरपूर सोडतात. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. याला तसा वास कुणी मिसळत नाही, कारण हा सिलिंडरमध्ये नसतो, जळताना तयार होतो.

शरीरात काय होतं ते सोप्या भाषेत सांगतो. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी एसटी समजा. कार्बन मोनॉक्साइड त्या एसटीत चढतो आणि सीट सोडतच नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो घट्ट बसतो. गाडी धावत असते, भरलेली दिसते, पण मेंदूला आणि हृदयाला हवा असलेला प्रवासी तिच्यात नसतो. यातली आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. कोविडनंतर ते घरोघरी आलं. या विषबाधेत ते ९८ दाखवू शकतं, कारण कुठला प्रवासी बसलाय हे त्याला ओळखता येत नाही. तेव्हा "ऑक्सिजन तर चांगला आहे" म्हणून निर्धास्त होऊ नका.

सुरुवात डोकेदुखीनं होते. मग मळमळ, चक्कर, पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं. जेवण झालेलं असतं, म्हणून वाटतं पित्त झालं. कुणी घेतलेली असेल तर वाटतं चढली. ओळखायची खूण एकच: एकाच वेळी सगळ्यांचं डोकं दुखायला लागतं आणि बाहेर मोकळ्या हवेत आलं की हलकं वाटतं. पित्त सगळ्या घराला एकदम होत नाही. पण झोपलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. तो गाढ झोपेतून बेशुद्धीत जातो.

ही पुस्तकातली गोष्ट नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामन इथे एका रिसॉर्टमध्ये केरळहून गेलेले आठ पर्यटक मेले, त्यात चार लहान मुलं होती. थंडी म्हणून खोलीत गॅस हीटर लावून, दारं-खिडक्या बंद करून झोपले होते. आणि २०२४ च्या डिसेंबरात केरळमध्ये वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. तपासात निघालं की गाडीच्या जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरत होता. ते एसी लावून झोपले होते. आत शेगडी नव्हती, धूर नव्हता, कुणी चूक केली असं वरवर दिसतही नव्हतं.

म्हणून कॅराव्हॅन भाड्यानं घेताना पोरं वायफाय आहे का, टीव्ही किती इंची आहे हे विचारतात, तेव्हा तुम्ही विचारा: जनरेटर कुठे बसवलाय? त्याचा धूर कुठून बाहेर पडतो? गाडीच्या तळाला कुठे भोक आहे का? रात्री एसी कशावर चालतो? बॅटरीवर किंवा बाहेरच्या वीज कनेक्शनवर चालत असेल तर ठीक. जनरेटरवर किंवा इंजिन चालू ठेवून चालत असेल तर झोपताना बंद. नोव्हेंबरात बालाघाटावर एसी लागतोच कशाला, हा वेगळा प्रश्न. कार्बन मोनॉक्साइड ओळखून शिट्टी मारणारं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, बॅटरीवर चालतं. गाडीमालकाकडे नसेल तर स्वतः विकत घ्या, झोपायच्या जागेजवळ लावा.

ऊब हवी असेल तर रग घ्या, कानटोपी घाला, गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या. सगळ्यांत चांगली ऊब आपल्या आजीची गोधडी देते. निखारे पाणी ओतून बाहेरच विझवा. तंबूतही शेगडी नेऊ नका. कापडातून हवा जाते असं वाटतं, पण दव पडलं की ते कापड बऱ्यापैकी बंद होतं. आणि कितीही थंडी असली तरी गाडीची एखादी काच आणि वरची झडप थोडी उघडी ठेवा. मात्र काच उघडी आहे म्हणून शेगडी आत घेता येईल, असा अर्थ काढू नका.

कुणी गुंगलेला दिसलाच तर आधी दारं सताड उघडा, त्याला ओढून बाहेर घ्या आणि १०८ ला फोन करा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात येतो. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी दवाखान्यात न्या आणि तिथे शेगडीची किंवा जनरेटरची गोष्ट आवर्जून सांगा. तुम्ही सांगितली नाही तर डॉक्टरच्याही लक्षात येत नाही. (जाता जाता: बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर हीच करामत करतो. घरी असेल तर आजच प्लंबरला बोलवा.)

जमिनीवर झोपण्याबद्दल

गुरुजी त्या दिवशी आले तेव्हा बाहेर बाकावर ऊसतोडीला निघालेली मंडळी बसली होती. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. जायच्या आधी म्हाताऱ्यांची बीपीची, बायकांची रक्तवाढीची, पोरांची तापाची औषधं घ्यायला येतात. नदीकाठी, कालव्याकाठी, उघड्या माळावर मुक्काम कसा करतात हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. फरक इतकाच की गुरुजींचा मुक्काम दोन रात्रींचा आणि हौसेचा, यांचा पाच-सहा महिन्यांचा आणि पोटासाठी. कोपीत खाली पाचट, त्यावर चटई, आणि चटईवर चार माणसं.

मण्यार हा साप अशाच ठिकाणी चावतो. काळा, अंगावर पांढरे बारीक पट्टे, रात्री फिरणारा. उंदरांच्या आणि दुसऱ्या सापांच्या मागावर तो येतो, झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली किंवा पांघरुणात अडकतो आणि माणसानं कूस बदलली की चावतो. दात इतके बारीक की बऱ्याचदा माणूस जागाही होत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरल्यासारखा होतो, मग पापण्या जड होतात.

मी एम.डी. करत होतो तेव्हाचा प्रसंग सांगतो, कारण त्यात चूक माझी होती. रात्रीची जागल करून शेतात भुईवर झोपलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा सकाळी सहाला कॅज्युअल्टीत आला. पोटदुखी. मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. रॅनिटिडीनचं इंजेक्शन द्यायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. वीस मिनिटांनी सिस्टरनं हाक मारली, "सर, हा डोळे उघडेना." मला वाटलं झोपला असेल, रात्रभर जागलाय. जवळ जाऊन हाक मारली तर त्यानं हनुवटी वर करून माझ्याकडे पाहायचा प्रयत्न केला, पापण्या मात्र उचलेनात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "रात्री कुठे झोपला होतास?" हा एक प्रश्न मी विचारलाच नव्हता. श्वास थांबायच्या आत नळी टाकता आली. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता, म्हणून त्याचा भाऊ आणि चुलता रात्रभर आळीपाळीनं अंबू बॅग दाबत बसले. पाचव्या दिवशी तो चालत घरी गेला. पण सिस्टरचं लक्ष गेलं नसतं तर? त्या दिवसापासून सकाळी पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला मी तो प्रश्न विचारतोच.

भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. मण्यारीपुरतं बोलायचं तर बचाव सोपा आहे: जमिनीपासून उंच झोपा आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचा. नेपाळच्या दक्षिण भागात यावर अभ्यास झालाय. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश खूपच कमी झालेला आढळला. डासही टळतात, हा वरकड फायदा.

कॅराव्हॅनमध्ये पलंग असतात, म्हणून तुम्ही सुरक्षित. मग धोका कुणाला? जो मुलगा म्हणतो "आत गुदमरतंय, मी बाहेर चटईवर चांदण्या बघत झोपतो" त्याला. आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरला. मालक मंडळी आत गादीवर, ड्रायव्हर बाहेर गाडीच्या आडोशाला सतरंजीवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्यासाठी एक फोल्डिंगची खाट आणि मच्छरदाणी सामानात टाका. रात्री लघवीला उठाल तर टॉर्च लावून, बूट झटकून, पायात घालून जा.

साप चावला, किंवा चावला असा नुसता संशय जरी आला, तरी चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, तोंडानं चोखू नका, साप शोधत बसू नका. हात किंवा पाय फळी बांधून हलणार नाही असा ठेवा, चालवू नका, आणि थेट अशा दवाखान्यात न्या जिथे प्रतिसर्पविष आहे. आपल्याकडचं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून आणायची गरज नसते. मारलेला साप माझ्या टेबलावर ठेवणारे अजूनही येतात. कृपा करून आणू नका.

विंचू, पाणी, आणि बाटली

लाल विंचू दगडाखाली असतो. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा फक्त कळ येते, पण लहान मुलाला दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय असं काही दिसलं तर ती हृदयाची इमर्जन्सी असते. एकेकाळी यात पोरं पटापट दगावत. प्राझोसिन ही बीपीची साधी, स्वस्त गोळी यावर चालते हे महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलं. ते मूळचे आपल्या मराठवाड्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू उतरवायला नेण्यात वेळ घालवू नका, दवाखान्यात न्या. एक गंमत पण सांगतो: नोटा तपासायच्या निळसर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. दगडांवर बसायच्या आधी ती फिरवून बघा, पोरांनाही मजा येते.

कड्याच्या ठिकाणी आग्या मोहोळ असतं. वर बघून मगच चूल पेटवा.

पाण्याबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. सापानं मेलेला माणूस वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर येतो, बुडालेल्यांची बातमी आता इतकी रोजची झालीय की आपण ती वाचतही नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा ते पोहत नव्हते, पाण्यात उभे होते. वर कुठे पाऊस झालाय हे खाली उभं राहून कळत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेनं आणि मांजरेनं काय रूप दाखवलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणून गाडी नदीच्या पात्रात किंवा वाळूच्या पट्ट्यात लावायची नाही. काठावर अडकलेला पालापाचोळा, प्लॅस्टिक झाडाला किती उंचीवर लटकलंय ते बघा. पूर तिथपर्यंत येऊन गेलाय. गाडी त्याच्याही वर लावा. आणि ज्यानं घेतलीय तो पाण्यात उतरणार नाही, हे निघायच्या आधी घरातच ठरवा, घेतल्यावर ते ठरत नसतं.

नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्या. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला मुक्कामाचं सांगा. झाडीतल्या बारीक किड्यांनी स्क्रब टायफस होतो, अंगावर कुठेतरी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते. ती काखेत, जांघेत लपते. सांगितलं तर आम्ही शोधतो.

इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी: गाडीत फ्रिज असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका, जनरेटर रात्री बंद ठेवायला मीच सांगितलंय. चालू असलेली बाटली किंवा पेन थंड, सावलीच्या जागी महिनाभर टिकतं. ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं पुरेसं आहे. फक्त उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर आणि बर्फाला चिकटून ठेवू नका. दिवसभर चढउतार होणार असेल तर डोस किती कमी करायचा ते आधी विचारून घ्या, आणि खिशात साखर ठेवा.

एक मागणी

निघायच्या आधी एक फोन करा. मुक्कामाच्या जागेजवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा: प्रतिसर्पविष आहे का, आणि रात्री डॉक्टर असतात का? मोबाईलला रेंज आहे ती जागा दिवसाउजेडी शोधून ठेवा.

पण मला हे तुमच्यावर सोडून मोकळं व्हायचं नाही. उद्या बालाघाटात कॅराव्हॅन पार्क झाले तर मला आनंदच होईल. गावातल्या चार घरांना रोजगार मिळेल, आपली सीताफळं जागेवर विकली जातील. मात्र पार्कला परवानगी देताना वीज, पाणी, पार्किंग यांच्यासोबत एक अट घाला: पार्कपासून तासाभराच्या आत असं रुग्णालय हवं जिथे रात्रीही प्रतिसर्पविष मिळेल आणि श्वासाची नळी टाकता येणारा माणूस असेल. वीज कनेक्शन देणं सक्तीचं करा, म्हणजे रात्री जनरेटरची गरजच राहणार नाही. पर्यटकांसाठी म्हणून झालेली सोय त्याच गावातल्या शेतावर झोपणाऱ्या माणसालाही मिळेल. आणि पर्यटक येणार म्हणून आपण हे मागू शकतो, पण कोपीत झोपणाऱ्या टोळ्यांसाठी कारखान्याच्या परिसरात प्रत्येकाला एक खाट आणि एक मच्छरदाणी मागायला आपल्याला कधी सुचत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्यापैकी कितीतरी जण निघताना माझ्याकडून गोळ्या नेतात. मी त्यांना "खाली झोपू नका" म्हणतो तेव्हा ते हसतात. एक बाई म्हणाली होती, "डॉक्टर, वर कशावर झोपू?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता टोळी निघायच्या सुमारास मी ओपीडीत मच्छरदाण्यांचा एक गठ्ठा ठेवतो. तो दोन दिवसांत संपतो.

गुरुजी मुक्कामाहून परत आले तेव्हा पिशवीभर सीताफळं घेऊन आले. मधुमेही माणसानं डॉक्टरला सीताफळं द्यावीत, याला काय म्हणावं! शेगडी बाहेरच विझवली होती, ड्रायव्हरसाठी घरातली लोखंडी खाट टपावर बांधून नेली होती. पहिल्या रात्री मुलाला आणि बापाला दोघांनाही नऊलाच झोप लागली. नातवानं अल्ट्राव्हायोलेट टॉर्चनं सात विंचू मोजले आणि त्यानंतर सूनबाई गाडीतून खाली उतरायलाच तयार नव्हत्या. बिबट्या काही दिसला नाही, असं गुरुजी जरा खट्टू होऊनच म्हणाले.